पायलट ग्रँटमधून नेमकं काय निघालं? मूल्यमापन पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पायलट ग्रँट म्हणजे संशोधनाची एखादी कल्पना तपासून पाहायला दिलेली छोटी रक्कम. अशा ग्रँटच्या योजनेचं मूल्यमापन सहसा कुणी मागून घेत नाही, ते गळ्यात पडतं. योजनेला तीन-चार वर्षं झालेली असतात, पैसे देणाऱ्यांची बैठक महिन्यावर आलेली असते आणि वरून निरोप येतो, "किती पेपर आले, किती नवे लोक एकत्र आले, तेवढं काढून ठेवा." यातला 'तेवढं' हा शब्द फसवा आहे. पहिल्या खेपेला मी दोन दिवसांत आकडा काढून मोकळा झालो होतो. मग एका शंकेखोर सहकाऱ्याने यादीतला एक पेपर उघडून दाखवला आणि पुढचे तीन आठवडे मी उरलेले उघडत बसलो. शेवटी यादी निम्म्यावर आली.

या कामात मोजणी हा सगळ्यात सोपा भाग. कोणता पेपर या पैशाचा म्हणायचा, कोणतं सहकार्य नवं म्हणायचं, आणि हे सगळं पैसे न मिळताही झालंच असतं का, या तीन प्रश्नांत खरा वेळ जातो.

पायरी १: आधी योजनेचं मूळ पत्रक वाचा

अर्ज मागवताना काढलेलं पत्रक शोधून काढा. नंतरची सादरीकरणं नकोत, त्यांत उद्दिष्टं निकालाच्या अंगाने थोडी वळलेली असतात. पायलट पैसे साधारण तीन कारणांसाठी दिले जातात: मोठ्या ग्रँटच्या अर्जाला लागणारा प्राथमिक डेटा जमावा म्हणून, कधी एकत्र काम न केलेली दोन विषयांतली माणसं जवळ यावीत म्हणून, किंवा नुकत्याच उभ्या राहणाऱ्या संशोधकाला पहिला आधार मिळावा म्हणून. बऱ्याच पत्रकांत ही तिन्ही एकाच वाक्यात कोंबलेली असतात. अशा वेळी निवड समितीने कशाला किती गुण दिले ते पाहा. सहकार्याला शंभरातले दहाच गुण असतील, तर पत्रकात काहीही लिहिलेलं असो, ती योजना सहकार्याची नव्हती.

यावरून एका पानाचं टिपण करा. पेपर कशाला म्हणायचं? कॉन्फरन्समधला गोषवारा धरायचा का? प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीच खुला केलेला मसुदा? सहकार्य नवं केव्हा? ग्रँट मिळाल्यापासून किती वर्षांपर्यंतचं मोजायचं? तुलना कुणाशी? हे टिपण योजना चालवणाऱ्यांना मेल करा आणि ती मेल जपून ठेवा. आकडे समोर आल्यावर व्याख्या जराशी सैल करण्याचा मोह होतोच, आणि बहुतेक वेळा तो तुम्हाला न होता तुमच्या वरच्या माणसाला होतो. तेव्हा ही मेल उपयोगी पडते.

पायरी २: तीन याद्या, एक नव्हे

नवीन माणूस एक्सेलमध्ये एकच लांबलचक तक्ता करतो: प्रोजेक्टचं नाव, पीआय (मुख्य संशोधक), को-पीआय (सहसंशोधक) १, को-पीआय २, पेपर १, पेपर २. असला तक्ता आठवड्याभरात अडतो, कारण एकच माणूस एका प्रोजेक्टमध्ये पीआय आणि दुसऱ्यात को-पीआय असतो, आणि एकच पेपर दोन प्रोजेक्टांचा निघतो. तीन वेगळ्या याद्या करा. एका यादीत प्रोजेक्ट, दुसरीत माणसं, आणि तिसरीत कोण कुठल्या प्रोजेक्टमध्ये कोणत्या भूमिकेत कधीपासून कधीपर्यंत होतं ते. पेपरांचीही पुढे अशीच यादी आणि जोडयादी होईल.

माणसं ओळखायला नावावर विसंबू नका. आद्याक्षरं बदलतात, आडनावं बदलतात, एका नावाची चार माणसं एकाच विषयात असतात. २०१२ मध्ये सुरू झालेली ऑर्किड ही सोळा अंकी ओळख नेमकी यासाठी आहे. संस्थांसाठी रॉर नावाची तशीच सोय २०१९ पासून आहे. पण एक ध्यानात ठेवा: ऑर्किडचा क्रमांक ओळख पटवायला चांगला, त्या पानावरची पेपरांची यादी मात्र अद्ययावत असेलच असं नाही. कित्येकांनी ते पान एकदा उघडलं ते शेवटचंच.

मंजूर होऊन नंतर रद्द झालेले, मधेच सोडलेले, पैसे परत केलेले प्रोजेक्टही यादीत हवेतच. ते वगळले की उरलेल्यांचं प्रमाण आपोआप छान दिसतं. म्हणूनच कुणीतरी ते आधीच वगळून तुमच्या हाती यादी देण्याची शक्यता असते. हिशेब विभागाकडून रकमा वाटल्याची स्वतंत्र यादी मागवा आणि दोन्ही ताडून पाहा.

पायरी ३: पेपर तीन वाटांनी गोळा करा

पहिली वाट म्हणजे संशोधकांनाच विचारणं. वार्षिक अहवालात त्यांनी लिहिलेले पेपर घ्या, शिवाय एक छोटा फॉर्म पाठवा. या वाटेने दोन्हीकडे चुका होतात. काही जण वर्षभरातलं सगळं लेखन एकाच फॉर्ममध्ये ओततात, आणि काहींचा प्रोजेक्ट संपल्यावर आलेला खरा पेपर कुणालाच कळत नाही.

दुसरी वाट आभारांची. पेपरच्या शेवटी कोणत्या ग्रँटमधून पैसा आला ते लिहिलेलं असतं. वेब ऑफ सायन्स या पेपरांच्या सूचीत हा मजकूर २००८ पासून नोंदवला जातो. पेपरांना डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, पुरवणाऱ्या क्रॉसरेफकडे पैसे देणाऱ्या संस्थांची नोंदवही २०१३ पासून आहे आणि २०१९ पासून स्वतंत्र ग्रँटलाही डीओआय मिळू शकतो. पण लहान पायलट योजनांचं नाव या नोंदवह्यांत नसतं. बरेचदा लेखक मूळ संस्थेचं नाव लिहितात आणि योजनेचं विसरतात. त्यामुळे योजनेच्या नावाची सगळी रूपं, संक्षेप, चुकीच्या स्पेलिंगसकट शोधावी लागतात. ग्रँटच्या क्रमांकातला एखादा शून्य गळणं हे तर नेहमीचंच.

तिसरी वाट लेखकांच्या नावाने शोधायची. प्रोजेक्टमधले कोणतेही दोघे एकत्र लेखक असलेले, ग्रँटनंतरचे सगळे पेपर काढायचे. पैसे न मोजता हे करायचं तर जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेलं ओपनॲलेक्स हे पेपरांचं खुलं सूचीपत्र पुरेसं आहे. मायक्रोसॉफ्टने आपला असाच विदासंच बंद केल्यावर ती जागा त्याने भरून काढली. त्यात एका माणसाचे दोन आणि दोघांचा एक असा घोळ अधूनमधून सापडतो, म्हणून पायरी २ मधली ओळख पक्की हवी. गूगल स्कॉलर हुकलेलं हुडकायला उत्तम. मोजायला मात्र नको, कारण त्यात प्रबंध, सादरीकरणं आणि एकाच पेपरच्या अनेक प्रती एकत्र नांदतात.

तिन्ही याद्या डीओआयवरून एकत्र करा. प्रीप्रिंट आणि जर्नलमधला पेपर यांचे डीओआय वेगळे असतात, आणि कधी कधी मधल्या काळात शीर्षकही बदललेलं असतं. नुसत्या डीओआयवर भरवसा ठेवलात तर एकच काम दोनदा मोजाल. शीर्षक, पहिला लेखक आणि वर्ष हे डोळ्यांनी जुळवा. दोन-तीनशे पेपर असतील तर एका दुपारचं काम आहे.

पायरी ४: प्रत्येक पेपर उघडा

हीच ती पायरी, जी मी पहिल्या खेपेला गाळली होती.

सहकाऱ्याने दाखवलेला पेपर असा होता. ग्रँटची रक्कम मार्चमध्ये हातात आली. पेपर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छापून आला. आभारांत आमच्या योजनेचं नाव, क्रमांकासकट अगदी बरोबर. मी तो खुशाल धरला होता. तिने पहिल्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात जर्नलकडे हस्तलिखित पोचल्याची तारीख होती, जानेवारीची. म्हणजे पैसे मिळण्याच्या दोन महिने आधी पेपर लिहून, पाठवून झालेला होता. आमच्या पैशाने तो झालेला असणं शक्यच नव्हतं.

यात कुणी लबाडी केली असं लगेच ठरवू नका. मी त्या संशोधकांना फोन केला तेव्हा कळलं की समीक्षकांनी एक जादा प्रयोग मागितला होता आणि तो या पैशातून केला होता. म्हणजे थोडासा संबंध होता. तो किती, हे फक्त पेपर उघडून आणि माणसाला विचारूनच कळतं.

तेव्हा प्रत्येक पेपरसाठी चार गोष्टी नोंदवा: जर्नलकडे पोचल्याची तारीख, आभारांतला नेमका मजकूर, पेपरमधला प्रश्न अर्जातल्या प्रश्नाशी जुळतो का, आणि लेखकांत प्रोजेक्टमधले किती जण आहेत. त्यावरून पेपर तीन गटांत टाका. थेट याच कामाचा. या पैशाचा काही हातभार लागलेला. आणि संबंध नसलेला. यापेक्षा बारीक गट पाडू नका. पाच गट केलेत की तिसरा आणि चौथा यांतला फरक तुम्हालाच महिन्याभरात सांगता येणार नाही.

गट पाडायचं काम दोघांनी, एकमेकांचं न पाहता करावं. आधी वीस पेपर दोघांनी वाचून ताडा. जिथे मतभेद झाला तिथे बहुतेक वेळा व्याख्याच सैल असते, वाचणाऱ्याची चूक नसते. व्याख्या नीट करा आणि मग पुढचे घ्या. दोघांचं किती जुळलं ते कोहेनच्या कॅप्पाने, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वजा करून उरलेली जुळणी दाखवणाऱ्या आकड्याने, सांगायची पद्धत आहे. अहवालात तो आकडा एका ओळीत द्या, पुरे.

उलटी चूकही सापडते. आभारांत नाव नाही, पण पद्धतीच्या भागात नमुने कुठून आणले ते वाचलं की पायलटमध्येच गोळा केलेले नमुने दिसतात. असे पेपर विसरभोळ्या लेखकांचे असतात आणि योजनेचं खरं फळ असतात.

पायरी ५: सहकार्य मोजायचं म्हणजे काय

सगळ्यात सोपं माप म्हणजे सहलेखन: दोघांचं नाव एका पेपरवर आलं की एक धागा. वीस जणांच्या गटात १९० जोड्या संभवतात. ग्रँटच्या आधी त्यांतल्या किती जोड्यांनी एकत्र लिहिलं होतं आणि नंतर किती जोड्यांनी, एवढं काढलं की पहिला अंदाज येतो.

इथे दोन खड्डे आहेत. एक, मोठ्या लेखकयादीचा पेपर. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान सांगणारा अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांचा मिळून जो पेपर आला, त्यावर ५,१५४ लेखक होते. त्याच्या ३३ पानांपैकी २४ पानं लेखक आणि त्यांच्या संस्थांच्या यादीने भरली होती. जोड्यांचा हिशेब केलात तर त्या एका पेपरमधून १ कोटी ३२ लाखांहून जास्त जोड्या निघतात, आणि त्यांतले बहुतेक जण एकमेकांना कधी भेटलेलेही नसतील. तुमच्या यादीत एवढा मोठा पेपर येणार नाही, पण ऐंशी लेखकांचा एखादा येतो आणि तो एकटाच ३,१६० जोड्या ओतून सगळं चित्र झाकून टाकतो. यावर उपाय दोन. ठरावीक संख्येपेक्षा, समजा पंचविसापेक्षा, जास्त लेखक असलेले पेपर जोड्यांच्या मोजणीतून बाजूला ठेवायचे. किंवा लेखक जितके जास्त तितकं प्रत्येक जोडीचं वजन कमी धरायचं. मला पहिला आवडतो, कारण तो बैठकीत एका वाक्यात सांगता येतो.

दुसरा खड्डा 'नवं' या शब्दात आहे. आधीच्या पाच वर्षांत एकत्र पेपर नाही म्हणजे नवं, अशी व्याख्या बहुतेक जण करतात आणि मीही करतो. पण एकदा अशाच एका नव्या जोडीचं मोठं कौतुक करून झालं आणि मग समजलं की त्यातल्या एका बाईंचं आधीचं लेखन वेगळ्या आडनावाने होतं, आणि तो दुसरा गृहस्थ त्यांच्याच पीएचडीच्या काळातला प्रयोगशाळेतला शेजारी. पंधरा वर्षांची ओळख आम्ही योजनेच्या खात्यावर जमा केली होती. तेव्हापासून मी प्रत्येक जोडीला एक साधा प्रश्न विचारतो: या अर्जाआधी तुम्ही एकमेकांना कसे ओळखत होता?

सहलेखन हे सहकार्याचं टोक आहे, अख्खं सहकार्य नव्हे. एकाने नमुने दिले, दुसऱ्याने यंत्रावर वेळ दिला, दोघांनी मिळून एका विद्यार्थ्याला मार्गदर्शन केलं, एकाचा विदासंच दुसऱ्याने वापरला. यातलं बरंच काही लेखकयादीत उमटत नाही. आणि लेखकयादीत उमटलेलं सगळंच खरं सहकार्य असतं असंही नाही. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक म्हणवून घ्यायला चार अटी घातल्या आहेत, आणि नुसता पैसा मिळवून देणं हे लेखकत्वाला पुरेसं नाही असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. तरी मानाची नावं यायची ती येतातच. क्रेडिट नावाच्या पद्धतीत योगदानाचे १४ प्रकार ठरवलेले आहेत आणि बऱ्याच जर्नलांत पेपरच्या शेवटी कोणी काय केलं ते त्यानुसार छापतात. ती नोंद जिथे असेल तिथे जरूर वाचा. दोन विषयांतल्या माणसांपैकी एकाच्या नावापुढे फक्त 'मसुदा तपासला' एवढंच असेल, तर ते सहकार्य कितपत खोल गेलं ते तुम्हीच ठरवा.

जाळ्याची चित्रं काढायला व्हीओएसव्ह्यूअर आणि गेफी ही फुकट साधनं आहेत. चित्र सुंदर येतं, बैठकीत सगळे मान डोलावतात, आणि त्यातून कुणाला काहीच कळत नाही. काढायचंच असेल तर ग्रँटआधीचं आणि नंतरचं अशी दोन चित्रं काढा, आणि दोन्हींत माणसांच्या जागा त्याच ठेवा.

पायरी ६: घड्याळ सगळ्यांना एकाच वेळी लावा

बारा महिन्यांच्या पायलटमध्ये पहिले काही महिने परवानग्या, माणूस नेमणं आणि सामान येणं यांत जातात. मग डेटा, मग विश्लेषण, मग पेपर, मग समीक्षक. प्रोजेक्ट संपल्यावर दोन वर्षांनी पेपर आला तर त्याला उशीर म्हणू नये. त्यामुळे वर्षअखेरीला पेपर मोजून योजना फसली असं म्हणणं म्हणजे पेरणीनंतर आठवड्याने कणसं शोधण्यासारखं आहे. त्या टप्प्यावर वेगळं पाहा: ठरवलेला डेटा जमला का, दोन्ही बाजूंची माणसं अजून भेटतात का, एकत्र पुढचा अर्ज लिहायला घेतला का.

आणि वेगवेगळ्या वर्षांच्या तुकड्यांची तुलना करताना वय सारखं ठेवा. पहिल्या तुकडीचे पाच वर्षांतले पेपर आणि तिसऱ्या तुकडीचे दोन वर्षांतले पेपर शेजारी मांडले की योजना घसरत चालल्याचा भास होतो. ग्रँट मिळाल्यापासून २४ महिने, ३६ महिने असे टप्पे धरा आणि ज्या तुकडीने तो टप्पा गाठलेला नाही तिथे रकाना रिकामा सोडा.

पायरी ७: सायटेशनला बेताचंच महत्त्व द्या

सायटेशन म्हणजे इतर पेपरांनी एखाद्या पेपरचा केलेला उल्लेख. त्याबाबत तीन गोष्टी पुरेत. एक, सरासरी देऊ नका. सात पेपरांना ०, १, २, ३, ४, ६ आणि १८० सायटेशन असतील तर सरासरी येते २८ आणि मध्यक येतो ३. पैकी खरं चित्र कोणतं ते दिसतंच आहे. दोन, गणितातला पेपर आणि पेशीशास्त्रातला पेपर एका तराजूत घालू नका; त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या पेपरांत तो वरच्या किती टक्क्यांत बसतो ते पाहा. तीन, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या पेपरांची सरासरी सायटेशन, एखाद्या पेपरला चिकटवू नका. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या आणि पुढच्या वर्षी जाहीर झालेल्या डोरा या घोषणापत्राचं मुख्य म्हणणं हेच आहे, आणि २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याची दहा तत्त्वं तर मूल्यमापन करणाऱ्याने टेबलावर ठेवावीत अशीच आहेत. पेपर आणि सायटेशन एकाच आकड्यात मोजणाऱ्या एच-इंडेक्सचा विषय इथे काढूच नये. हर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला तो एका माणसाच्या आजवरच्या अख्ख्या कामासाठी; एका वर्षाच्या पायलटला तो लावणं म्हणजे इंच-टेपने तापमान मोजणं.

जाता जाता पेपर मागे घेतलेला तर नाही ना, हेही पाहून घ्या. रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३ पासून क्रॉसरेफकडे सर्वांना खुली आहे. दहा मिनिटांचं काम, पण ते न केल्यामुळे होणारी शोभा बराच काळ पुरते.

पायरी ८: ज्यांना पैसे मिळाले नाहीत, त्यांच्याकडे पाहा

माझ्या मते सगळ्या कामात ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत जास्त गाळली जाणारीही हीच.

निवड समितीने मुळातच चांगली माणसं निवडली. त्यांनी पुढे चांगले पेपर लिहिले. यात योजनेचं कर्तृत्व किती आणि निवडीचं किती? रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये 'मॅथ्यू परिणाम' म्हणून जे मांडलं ते हेच: ज्याच्याकडे नाव आहे त्याला आणखी मिळत जातं. नुसते विजेते पाहून हा गुंता कधीच सुटत नाही.

समजा, ७० अर्ज आले आणि २४ मंजूर झाले. समितीच्या गुणांनुसार यादी लावा. पहिला आणि सत्तरावा यांची तुलना निरर्थक आहे. पण १७ ते २४ क्रमांकाचे आणि २५ ते ३२ क्रमांकाचे अर्ज यांत फारसा फरक नसतो. बरेचदा एखाद्या समीक्षकाच्या त्या दिवशीच्या मूडचा फरक असतो. या आठ-आठ अर्जांचं पुढे काय झालं ते पाहा. नाकारलेल्या अर्जातल्या दोघांनी तरीही एकत्र पेपर लिहिला का? दुसरीकडून पैसे आणले का? विषय सोडून दिला का?

आता आकडे लहान आहेत हे विसरू नका. मंजूर आठांपैकी पाचांचा पेपर आला आणि नाकारलेल्या आठांपैकी तिघांचा, तर फरक मोठा वाटतो. पण पैशांचा काडीचा परिणाम नसतानाही नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातल्या साठेक वेळा दिसतो. म्हणून एका वर्षाच्या आठ-आठांवरून निकाल देऊ नका. चार-पाच फेऱ्यांचे काठावरचे अर्ज एकत्र करा. तेवढ्या फेऱ्या झालेल्याच नसतील तर आकडे मांडा आणि यातून काही ठरत नाही असं लिहा. असं लिहायला धाडस लागतं हे मला ठाऊक आहे.

नाकारलेल्यांची माहिती वापरायला योजना चालवणारे काचकूच करतात, आणि त्यात तथ्य आहे. नावं वगळून, फक्त क्रमांक ठेवून, संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी घेऊन मग काम करा.

पायरी ९: 'एकास बारा' या दाव्याचं काय करायचं

पायलटवर एक खर्च केला आणि त्यावर बारा पट मोठ्या ग्रँट आल्या, असं वाक्य पैसे देणाऱ्यांना फार आवडतं. ते वाक्य तपासायला मोठ्या ग्रँटचा अर्जच मागवा आणि त्यातला प्राथमिक डेटाचा भाग वाचा. पायलटमधली आकृती तिथे आहे का? असेल तर संबंध पक्का. नसेल, आणि फक्त पीआय तोच असेल, तर तो हिशेबात धरू नका. शिवाय एकच मोठी ग्रँट तीन पायलट प्रोजेक्टांनी आपापल्या अहवालात पूर्ण रकमेने दाखवलेली सापडते. रकमेची बेरीज ग्रँटच्या क्रमांकावरून करा, प्रोजेक्टांवरून नको. मी हल्ली हे गुणोत्तर देतच नाही. किती प्रोजेक्टांतून पुढचा अर्ज गेला, किती मंजूर झाले, एवढे दोन आकडे देतो.

पायरी १०: बंद पडलेल्यांशी आणि धाकट्यांशी बोला

पायलटचं काम कल्पना तपासून पाहण्याचं. कल्पना चालत नाही हे वर्षभरात कळलं आणि पाच वर्षांची मोठी ग्रँट वाया जायची वाचली, तर ते यशच आहे. पण त्याचा पेपर येत नाही. १९७९ मध्ये रॉबर्ट रोझेन्थाल यांनी यालाच खणात पडून राहिलेल्या निकालांचा प्रश्न म्हटलं होतं. म्हणून पेपर नसलेल्या प्रत्येक प्रोजेक्टचं कारण नोंदवा: निकाल नकारात्मक, निकालच नाही, माणूस गेला, यंत्र आलं नाही, दोघांचं बिनसलं. शेवटची दोन कारणं योजना चालवणाऱ्यांना सुधारता येतात, पहिलं सुधारायची गरज नाही.

सहा-सात प्रोजेक्ट निवडून प्रत्यक्ष भेटा. त्यांत दोन तरी फसलेले असू द्या. पीआयला विचारा: हे पैसे मिळाले नसते तर काय केलं असतं? उत्तर देण्याआधी तो किती वेळ थांबतो तेही पाहा. मग पोस्टडॉकला (पीएचडीनंतर तिथे काम करणाऱ्या संशोधकाला) किंवा विद्यार्थ्याला वेगळं भेटा, पीआय समोर नसताना. दोन प्रयोगशाळांत नमुने घेऊन कोण धावत होतं, शेवटची एकत्र बैठक कधी झाली, हे त्याला पाठ असतं. पीआय ज्याला भक्कम सहकार्य म्हणतो ते कधी कधी त्या एका पोरामुळे टिकलेलं असतं, आणि त्याचं कंत्राट संपलं की तेही संपतं.

पायरी ११: अहवाल

पहिल्या पानावर पाच-सहा आकडे, आणि प्रत्येक आकड्यासोबत तो कितीपैकी हेही. नुसतं '१९ पेपर' असं लिहू नका. '२४ पैकी ११ प्रोजेक्टांतून १९ पेपर, त्यांपैकी १२ थेट याच कामाचे' असं लिहा. काय मोजलं नाही, ते दुसऱ्या पानावर. प्रोजेक्टांना क्रमवारी लावू नका, कुणी मागितली तरी. पेपरांवरून क्रमवारी लागते हे कळलं की पुढच्या फेरीतले लोक एका कामाचे तीन पेपर करतात आणि पुढच्या वेळी तुम्ही जे मोजाल त्याला अर्थ राहत नाही. आकडे काढलेली फाईल, व्याख्यांचं टिपण आणि गटवारीची दोघांची मूळ नोंद एका जागी ठेवा. दोन वर्षांनी हे काम दुसऱ्याच्या गळ्यात पडणार आहे.

आणि अहवाल देताना पुढच्या फेरीच्या मंजुरीपत्रात घालायच्या ओळीही सोबत द्या. आभारांत लिहायचं वाक्य शब्दशः, क्रमांकासकट. सगळ्या पीआय आणि को-पीआयचे ऑर्किड, पैसे सोडण्याआधी. पाच वर्षं दरसाल एक छोटा फॉर्म भरण्याचं मान्य असल्याची सही. अर्ज करतानाच, नाकारला गेला तरी माहिती नाव वगळून अभ्यासाला वापरण्याची संमती. शिवाय प्रत्येकाचा खासगी ईमेल, कारण पोस्टडॉक संस्था सोडून गेला की संस्थेच्या पत्त्यावर पाठवलेला तुमचा फॉर्म थेट परत येतो.